कोणतं जर्नल कुठे मिळेल, हे लायब्ररीला सांगणारी कंपनी: सीरियल्स सोल्युशन्सची गोष्ट

लायब्ररीतलं पुस्तक शोधणं तसं सोपं असतं. कॅटलॉगमध्ये नाव बघायचं, क्रमांक टिपायचा आणि रॅककडे जायचं. पुस्तक एकदा विकत घेतलं की ते लायब्ररीचं झालं. उद्या प्रकाशक बंद पडला तरी ते रॅकवरून गायब होत नाही.

ऑनलाइन जर्नलचं गणित वेगळं आहे. लायब्ररी ते विकत घेत नाही, वर्गणी भरून ते वाचण्याचा हक्क घेते. जर्नल असतं दुसऱ्याच्या सर्व्हरवर. आज जे दिसतं ते पुढच्या महिन्यात दिसेलच, याची खात्री नसते. मग प्रश्न येतो की आपल्या लायब्ररीत नेमकं काय आहे, हे लायब्ररीला तरी कसं कळणार?

या प्रश्नावर अमेरिकेतल्या सिएटल शहरात २००० साली एक कंपनी उभी राहिली. नाव होतं सीरियल्स सोल्युशन्स. हे नाव आज वापरात नाही. पण त्या कंपनीने रुळवलेल्या कामाच्या पद्धतीवर जगभरातल्या हजारो लायब्रऱ्या चालतात. तिचा प्रवास बघितला की ज्ञानाच्या बाजारात कोणाचा शब्द चालतो, हेही लक्षात येतं.

अडचण नेमकी काय होती?

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्नल्स झपाट्याने इंटरनेटवर आली. विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांनी ती एकेक करून नाही, तर गठ्ठ्याने घ्यायला सुरुवात केली. एब्स्को, प्रोक्वेस्ट, गेल अशा कंपन्या वेगवेगळ्या प्रकाशकांची शेकडो-हजारो जर्नल्स एका डेटाबेसमध्ये घालून विकत होत्या. अशा कंपन्यांना अ‍ॅग्रीगेटर म्हणतात.

गठ्ठा स्वस्त पडायचा, पण त्यात काय आहे हे सतत बदलायचं. एखादा प्रकाशक करार मोडून बाहेर पडला की त्याची जर्नल्स त्या डेटाबेसमधून जायची. काही जर्नल्सचे ताजे अंक मुद्दाम रोखून ठेवलेले असायचे, म्हणजे छापील अंक आल्यावर सहा महिने किंवा वर्षभराने ते डेटाबेसमध्ये यायचे. याला एम्बार्गो म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. समजा एका विद्यार्थ्याला अर्थशास्त्राच्या एका जर्नलमधला १९९८ सालचा लेख हवा आहे. त्याच्या लायब्ररीत ते जर्नल तीन ठिकाणी आहे. पहिल्या डेटाबेसमध्ये २००१पासूनचे अंक आहेत. दुसऱ्यात १९९५पासूनचे आहेत, पण शेवटचं एक वर्ष नाही. प्रकाशकाच्या साइटवर फक्त ताजे अंक आहेत. त्याचा लेख दुसऱ्या डेटाबेसमध्ये आहे. पण हे त्याला सांगणार कोण? लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये हे नसायचं. मग एक तर तो तिन्ही ठिकाणी शोधत बसायचा, नाहीतर लेख मिळत नाही असं समजून सोडून द्यायचा. लायब्ररीने मात्र त्या लेखाचे पैसे आधीच भरलेले असायचे.

लायब्रेरियनने काढलेली कंपनी

पीटर मॅक्रॅकन हे पेशाने लायब्रेरियन. संदर्भ विभागात बसून वाचकांना हवी ती माहिती शोधून देणं हे त्यांचं काम. ही अडचण त्यांच्यासमोर रोज यायची. त्यांनी आपले भाऊ माइक आणि स्टीव्ह, तसंच ख्रिस पिएरार्ड यांच्यासोबत सीरियल्स सोल्युशन्स सुरू केली. लायब्ररीच्या भाषेत ‘सीरियल्स’ म्हणजे ठरावीक काळाने निघणारी प्रकाशनं.

कल्पना अगदी साधी होती. लायब्ररीने कंपनीला आपण कोणकोणते डेटाबेस घेतो ते कळवायचं. कंपनी त्या सगळ्यांमधल्या जर्नल्सची नावं आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे अंक आहेत ते गोळा करायची. त्यातून नावांच्या वर्णानुक्रमाने एकच यादी बनवून द्यायची. लायब्ररी ती यादी आपल्या साइटवर टाकायची. वाचकाने जर्नलचं नाव बघायचं आणि योग्य लिंकवर क्लिक करायचं.

ही यादी प्रत्येक लायब्ररीला स्वतः बनवता आली असती. काही जणांनी तसे प्रयत्नही केले. पण यादी एकदा बनवून भागत नव्हतं, ती सतत दुरुस्त करावी लागायची. शेकडो लायब्रऱ्यांनी तेच काम वेगवेगळं करत बसण्यापेक्षा एकाने करून सगळ्यांना द्यावं, हा या धंद्याचा पाया होता.

यादीच्या मागचं खरं भांडवल

वाचकाला यादी दिसायची. तिच्यामागे असायचा नॉलेजबेस, म्हणजे कोणतं जर्नल कोणत्या पॅकेजमध्ये, कोणत्या काळापुरतं आणि कोणत्या पत्त्यावर मिळतं याची मोठी नोंदवही. कंपनीचं खरं भांडवल हेच होतं.

याच काळात बेल्जियममध्ये एक महत्त्वाचं संशोधन झालं. गेंट विद्यापीठातल्या हर्बर्ट व्हॅन डी सोम्पेल यांनी एसएफएक्स नावाची प्रणाली तयार केली. एखाद्या लेखाचा उल्लेख दिसला की वाचकाला त्याच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या प्रतीपर्यंत नेणं, हे तिचं काम. लेखाचं वर्णन लिंकमध्येच भरून पाठवण्याची ही पद्धत ओपनयूआरएल म्हणून ओळखली जाते आणि पुढे ती अधिकृत मानक झाली. एसएफएक्स २००० मध्ये एक्स लिब्रिस या इस्रायली कंपनीने घेतली.

अशा प्रणालीला लिंक रिझॉल्व्हर म्हणतात. गुगल स्कॉलरवर लेखाच्या शेजारी कधीकधी आपल्या विद्यापीठाच्या लायब्ररीची लिंक दिसते, तिच्यामागे बहुतेक वेळा हीच यंत्रणा असते. पण लिंक रिझॉल्व्हर कितीही हुशार असला तरी तो नॉलेजबेसला विचारूनच उत्तर देतो. नोंद चुकीची असेल तर वाचक चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून नोंदी राखणाऱ्या सीरियल्स सोल्युशन्सला या क्षेत्रात उतरणं सोपं गेलं. तिनेही स्वतःचा लिंक रिझॉल्व्हर आणला. पुढे तो ‘३६० लिंक’ या नावाने ओळखला गेला.

यादीपासून पूर्ण व्यवस्थापनापर्यंत

लायब्रऱ्यांची पुढची गरज होती कारभाराची. कोणत्या प्रकाशकाशी करार कधी संपतो? त्यात किती जणांना एकाच वेळी वाचायची परवानगी आहे? दुसऱ्या लायब्ररीला लेख पाठवता येतो का? मागच्या वर्षी किती पैसे गेले आणि जर्नल खरंच कोणी वाचलं का? ही माहिती एक्सेल शीटमध्ये, ईमेलमध्ये आणि फायलींमध्ये विखुरलेली असायची.

अमेरिकेतल्या डिजिटल लायब्ररी फेडरेशनने २००४ मध्ये एक अहवाल काढला. इलेक्ट्रॉनिक साधनांच्या व्यवस्थापनासाठी सॉफ्टवेअरमध्ये काय काय असावं, याचा आराखडा त्यात होता. त्यानंतर अशी सॉफ्टवेअर बनवायची चढाओढ लागली. वापराची आकडेवारी सगळ्या प्रकाशकांनी एकाच पद्धतीने द्यावी यासाठी ‘काउंटर’ हे मानक २००३ पासून आलं होतं. सीरियल्स सोल्युशन्सने ‘३६०’ या नावाखाली अनेक सेवा उभ्या केल्या. त्यात करार सांभाळणारी, आकडेवारी दाखवणारी आणि अनेक डेटाबेसमध्ये एकदम शोधणारी अशा वेगवेगळ्या सेवा होत्या.

प्रोक्वेस्टची एन्ट्री

२००४ मध्ये प्रोक्वेस्टने सीरियल्स सोल्युशन्स विकत घेतली. प्रोक्वेस्टची मुळं १९३८ सालातली. युजीन पॉवर यांनी अ‍ॅन आर्बर इथे युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स नावाने ती सुरू केली होती. पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि पीएचडीचे प्रबंध मायक्रोफिल्मवर जपणं हे तिचं मूळ काम. पुढे ती मोठी अ‍ॅग्रीगेटर झाली.

म्हणजे जर्नल्सचे गठ्ठे विकणाऱ्या कंपनीच्या हातात, कोणत्या गठ्ठ्यात काय आहे हे सांगणारी कंपनी आली. सीरियल्स सोल्युशन्स आपल्या नावाने काम करत राहिली. पण लायब्रेरियन मंडळींना पुढे सतत पडणारा प्रश्न इथूनच सुरू झाला. यादी बनवणारा आणि माल विकणारा एकच असेल, तर यादी निःपक्ष राहील का?

‘समन’ आणि शोधाची लढाई

२००९ मध्ये सीरियल्स सोल्युशन्सने ‘समन’ आणलं. तोपर्यंत अनेक डेटाबेसमध्ये एकत्र शोधायचं तर प्रत्येक डेटाबेसला त्या क्षणी विचारावं लागायचं, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागायचा. समनने सगळ्यांची माहिती आधीच गोळा करून एक मोठी सूची बनवली. वाचकाला गुगलसारखा एकच शोध-डबा मिळाला. पुस्तक, लेख, प्रबंध, सगळं एकाच यादीत. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेज आणि ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत त्याची सुरुवातीची चाचणी झाली.

एक्स लिब्रिसचं प्रीमो आणि एब्स्कोची स्वतःची सेवाही याच स्पर्धेत होत्या. इथे जुना प्रश्न मोठा होऊन समोर आला. शोधसेवा चालवणाऱ्या काही कंपन्या माहितीही विकत होत्या. आपल्या डेटाबेसची माहिती प्रतिस्पर्ध्याच्या सूचीला द्यायची की नाही, यावर ओढाताण झाली. तोटा होत होता तो दोघांनाही पैसे देणाऱ्या लायब्रऱ्यांचा. शेवटी अमेरिकेतल्या नायसो या मानक ठरवणाऱ्या संस्थेने पुढाकार घेतला. माहितीची देवाणघेवाण आणि निकालांमधली निःपक्षता यांबद्दलच्या शिफारशी २०१४ मध्ये आल्या. त्या पाळणं मात्र ऐच्छिक होतं.

नाव गेलं, काम राहिलं

२०१४ मध्ये सीरियल्स सोल्युशन्स हे नाव बाजूला पडलं आणि उत्पादनं थेट प्रोक्वेस्टच्या नावाने विकली जाऊ लागली. कंपनी तेव्हा ‘इंटोटा’ नावाची नवी प्रणाली बनवत होती. छापील आणि इलेक्ट्रॉनिक असा सगळा कारभार एकाच ठिकाणी चालवायचा, असा तिचा विचार होता.

पण डिसेंबर २०१५ मध्ये प्रोक्वेस्टने एक्स लिब्रिसच विकत घेतली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात १९८०च्या सुमारास तयार झालेल्या ‘आलेफ’ या सॉफ्टवेअरमधून उभी राहिलेली ही कंपनी. तिची ‘अल्मा’ ही प्रणाली तेच काम आधीच करत होती. त्यामुळे इंटोटाची गरज उरली नाही. समन आणि ३६० मालिका एक्स लिब्रिसच्या छताखाली गेल्या. एकेकाळचे प्रतिस्पर्धी समन आणि प्रीमो एकाच मालकाचे झाले.

१ डिसेंबर २०२१ रोजी क्लॅरिव्हेटने सुमारे ५.३ अब्ज डॉलरला प्रोक्वेस्ट घेतली. आपल्याकडचे प्राध्यापक ज्या इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल बोलतात, तो काढणारी हीच कंपनी. वेब ऑफ सायन्सही तिचंच. या व्यवहारावर स्पार्क या लायब्रऱ्यांच्या संघटनेने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आक्षेप नोंदवला होता. एकाच कंपनीकडे इतकी सत्ता गेली तर किमती वाढतील आणि पर्याय कमी होतील, अशी भीती होती. व्यवहार तरीही पूर्ण झाला.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लॅरिव्हेटने ई-पुस्तकं एकदाच पैसे भरून कायमची विकत घेण्याची सोय बंद करायचं जाहीर केलं. पुढे फक्त वर्गणी. लायब्रऱ्यांनी जोरदार विरोध केल्यावर मुदत जून २०२६ पर्यंत वाढवली गेली. निर्णय मात्र कायम राहिला.

पर्याय आहेत का?

आहेत. ‘फोलिओ’ हे मुक्त सॉफ्टवेअर २०१६ पासून विकसित होतंय. इलेक्ट्रॉनिक साधनांचा कारभारही त्यावर चालवता येतो. त्याला मोठा आर्थिक आधार एब्स्कोचा आहे, ही गोष्टही ध्यानात ठेवायला हवी. ‘केबार्ट’ या शिफारशीमुळे प्रकाशक आपल्या जर्नल्सच्या याद्या ठरलेल्या साच्यात देऊ लागले, त्यामुळे नॉलेजबेस बनवणं थोडं सोपं झालं. पण सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी नोंदी ताज्या ठेवायला माणसं लागतात. मॅक्रॅकन यांनी २००० साली ओळखलेली गरज तीच होती.

आपला संबंध काय?

भारतातल्या अनेक कॉलेजांमध्ये कोहा किंवा इन्फ्लिबनेटचं सोल ही सॉफ्टवेअर वापरली जातात. छापील पुस्तकांची देवघेव त्यावर नीट चालते. ई-जर्नल्सचा प्रश्न मात्र आता आपल्याकडेही मोठा झाला आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-जर्नल्स आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक उच्च शिक्षण व संशोधन संस्था, असा तिचा आवाका आहे. इन्फ्लिबनेट ती राबवतं.

पैसे भरून झाले. पण एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हवा तो लेख आपल्या संस्थेला उपलब्ध आहे हे कळलंच नाही, तर त्याच्यापुरती ती वर्गणी वाया गेली. त्यामुळे तुमची संस्था या योजनेत असेल तर लेखासाठी स्वतःच्या खिशातून पैसे भरण्याआधी लायब्ररीत एकदा विचारा. तो लेख तुमच्यासाठी आधीच घेतलेला असण्याची बरीच शक्यता आहे.