आधी सही, मग पुरावा: मॉन्ट्रियल कराराची तारीखवार गोष्ट

तर झालं असं. पीएचडीच्या सिनॉप्सिसचा पहिला मसुदा मी गाईड मॅडमना दिला होता. विषय होता पर्यावरणविषयक आंतरराष्ट्रीय करारांचा इतिहास. त्यात माझं एक वाक्य होतं: "१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोन थराला छिद्र पडल्याचा शोध लागला, त्यामुळे १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला." सरळ, सुटसुटीत वाक्य. मॅडमनी 'त्यामुळे' या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि समासात एकच शब्द लिहिला: "कशावरून?"

मला वाटलं, यात काय विचारायचं? ८५ नंतर ८७ येतं की! पण उत्तर शोधायला बसलो आणि दोन आठवडे त्या एका शब्दात गेले. संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हा सगळ्यांना ते दोन आठवडे सांगावेत म्हणून ही पोस्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू वापरत. गळती झाली तर माणसं दगावायची. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय शोधला: क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी. विषारी नाही, पेट घेत नाही, कशाशी सहजासहजी अभिक्रियाही करत नाही. पुढे फ्रिज, एसी, स्प्रेचे डबे, फोम, इलेक्ट्रॉनिक भाग साफ करायची द्रावणं, सगळीकडे सीएफसी पोचलं.

कशाशीच अभिक्रिया करत नाही, हा गुणच पुढे दोष ठरला. जे खाली मोडत नाही ते हळूहळू वर जातं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स लव्हलॉक यांनी जहाजावरून हवेचे नमुने मोजले, तेव्हा भर अटलांटिक महासागरावरही सीएफसी सापडलं. मात्र त्यापासून काही धोका संभवत नाही, असं त्यांनी १९७३ च्या पेपरमध्ये लिहिलं. पुढच्याच वर्षी, जून १९७४ मध्ये, मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांचा पेपर 'नेचर'मध्ये आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वर गेल्यावर अतिनील किरणांनी सीएफसीचा रेणू फुटतो, क्लोरीनचा अणू सुटा होतो आणि तो ओझोन मोडतो. हे करताना स्वतः संपत नाही, पुन्हा पुढच्या रेणूकडे वळतो. एकेक अणू असे हजारो रेणू खलास करू शकतो.

लक्षात घ्या, हे सगळं छिद्र सापडण्याच्या अकरा वर्षं आधीचं. अमेरिकेने बहुतेक स्प्रेच्या डब्यांमधलं सीएफसी १९७८ मध्ये बंद केलं, तेव्हा कुठल्याही छिद्राचं नावही नव्हतं.

आता माझ्या वाक्याकडे येतो. मी एका कागदावर तारखा मांडल्या.

ओझोन थराच्या रक्षणासाठीच्या व्हिएन्ना करारावर सह्या झाल्या २२ मार्च १९८५ रोजी. त्यात बंधनं नव्हती, 'मिळून अभ्यास करू, माहिती देऊ' एवढंच होतं. पण पुढच्या मॉन्ट्रियल कराराचा पाया तोच. आणि जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर, जोनाथन शँकलिन यांचा छिद्राबद्दलचा पेपर? तो 'नेचर'कडे डिसेंबर १९८४ मध्ये पोचला होता, पण छापून आला १६ मे १९८५ च्या अंकात. म्हणजे व्हिएन्नात सह्या करणाऱ्यांसमोर छिद्र नव्हतंच!

ठीक आहे, मी स्वतःची समजूत घातली. व्हिएन्ना नाही तर नाही, मॉन्ट्रियल तरी छिद्रामुळेच झालं असेल.

फारमन यांच्या पेपरने खळबळ माजवली हे खरंच आहे. अंटार्क्टिकावरच्या हॅले तळावर ओझोन १९५० च्या दशकापासून मोजला जात होता. ऑक्टोबर महिन्यात पूर्वी जो ओझोन सरासरी ३०० डॉब्सन एककांच्या आसपास असे, तो १९८४ पर्यंत २०० च्याही खाली आला होता. डॉब्सन एकक म्हणजे डोक्यावरच्या हवेत एकूण किती ओझोन आहे, त्याचं माप. लेखकांनी बोटही क्लोरीनकडेच दाखवलं. पण त्या काळच्या कुठल्याही गणिती प्रारूपात एवढी मोठी घट बसत नव्हती. म्हणून पुढची दोन वर्षं किमान तीन स्पष्टीकरणांची झुंज चालू होती. कोणी म्हणे सूर्यावरच्या घडामोडी, कोणी म्हणे हवेच्या प्रवाहातला बदल, आणि कोणी म्हणे क्लोरीन. ध्रुवावरच्या अतिथंड ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळं होतं, ही सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांची मांडणी १९८६ ची. ती पटण्याजोगी होती, पण प्रत्यक्ष मोजमाप अजून पुरेसं नव्हतं.

ते मोजमाप करायला ऑगस्ट-सप्टेंबर १९८७ मध्ये नासाचं ईआर-२ विमान चिलीतल्या पुंता अरेनास इथून अंटार्क्टिकाकडे उडत होतं. जेम्स अँडरसन यांच्या उपकरणाने जो आलेख दिला तो आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो: क्लोरीन मोनॉक्साइडची रेघ जिथे वर जाते, नेमकी तिथेच ओझोनची रेघ खाली कोसळते. या आलेखासाठी बहुतेक ठिकाणी ज्या उड्डाणाची आकडेवारी वापरतात त्याची तारीख आहे १६ सप्टेंबर १९८७.

आणि मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या तो दिवस कुठला? १६ सप्टेंबर १९८७!

ही तारीख मी तीनदा तपासली. इकडे कॅनडात २४ देश सही करत होते आणि तिकडे दक्षिणेला विमानातलं उपकरण पुरावा गोळा करत होतं. त्या मोहिमेचे निष्कर्ष जाहीर व्हायला सप्टेंबरचा शेवट उजाडला. अमेरिकेचे मुख्य वाटाघाटीकार रिचर्ड बेनेडिक यांनी नंतर पुस्तकात लिहिलंय की छिद्राचं कारण ठरलेलं नसल्याने वाटाघाटींचा आधार म्हणून ते वापरलं गेलं नाही. (बेनेडिक स्वतः त्या खोलीत होते, त्यामुळे त्यांचं पुस्तक मोलाचं. पण स्वतःच्या कामगिरीबद्दलच लिहितायत, म्हणून ते जपूनही वाचायचं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.)

मग करार झाला तो कशामुळे? छिद्राच्या बातमीने लोकांमध्ये धास्ती पसरली होती, तो दबाव नाकारता येत नाही. शिवाय १९७४ पासूनचं विज्ञान होतं, ते अपुरं असलं तरी पोकळ नव्हतं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सीएफसी उद्योगाच्या संघटनेने आंतरराष्ट्रीय मर्यादांना असलेला विरोध सोडला होता. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कराराची बांधणीच 'आपल्याला सगळं कळलेलं नाही' हे गृहीत धरून केलेली होती. मूळ करारात फक्त पाच सीएफसी आणि तीन हॅलॉन होते. सीएफसी निम्म्यावर आणायचं, तेही शतकाच्या अखेरीपर्यंत. तेवढ्याने ओझोन वाचला नसता. पण १९९० पासून किमान दर चार वर्षांनी विज्ञानाचा आढावा घ्यायचा आणि त्यानुसार बंधनं बदलायची, हे कलम होतं. म्हणून १९९० मध्ये लंडनला 'निम्मं'चं '२००० पर्यंत पूर्ण बंद' झालं आणि १९९२ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांसाठी ही मुदत १९९६ वर आली.

इथवर मी खूश होतो. मसुदा पुन्हा लिहिला, मॅडमकडे नेला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "२४ देशांत आपण होतो का?"

नव्हतो. भारत आणि चीन दोघांनीही १९८७ मध्ये सही केली नव्हती. दरडोई ०.३ किलोपेक्षा कमी वापर असलेल्या विकसनशील देशांना करारात दहा वर्षांची सवलत होती, पण पर्यायी तंत्रज्ञान कोण देणार आणि त्याचे पैसे कोण भरणार, याबद्दल ठोस काही नव्हतं. वर, करारात नसलेल्या देशांशी या पदार्थांच्या व्यापारावर बंदी. भारताचं म्हणणं साधं होतं: थर खराब केला तो मुख्यतः श्रीमंत देशांच्या वापराने, आमच्याकडे फ्रिज आत्ता कुठे घराघरांत येऊ लागलेत, खर्च आम्ही का सोसायचा? जून १९९० च्या लंडन बैठकीत पर्यावरण खात्याच्या मंत्री मनेका गांधी यांनी ही बाजू लावून धरली. तिथे बहुपक्षीय निधी ठरला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत-चीन आले तर २४ कोटी. चीन १९९१ मध्ये आला, भारत जून १९९२ मध्ये. पुढे १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या औषधी पंपांसाठी लागणारा भाग वगळता, भारताने सीएफसीचं उत्पादन थांबवलं. ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी.

म्हणजे 'शास्त्रज्ञांनी सांगितलं आणि जगाने ऐकलं' या गोष्टीत अर्धं जग मी विसरलोच होतो.

याच वाचनात माझा आणखी एक लाडका किस्सा मोडला. 'नासाच्या संगणकाने छिद्राचा डेटा चूक समजून फेकून दिला' हे तुम्हीही ऐकलं असेल. प्रत्यक्षात १८० एककांखालच्या नोंदींवर शंकेची खूण होत होती, त्या फेकल्या जात नव्हत्या. नासाच्या शास्त्रज्ञांनी त्या पाहिल्याही होत्या. दक्षिण ध्रुवावरच्या जमिनीवरील उपकरणाशी ताडल्या, तर ते उपकरण जवळपास नेहमीचे आकडे दाखवत होतं. नंतर कळलं की चूक त्या उपकरणाच्या आकड्यांत होती. फारमन यांचा पेपर तोवर छापून आला होता. किस्सा चटकदार असला की तो कोणी तपासत नाही, एवढंच यातून घ्या.

यात काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. थोडं बिघडतं. 'आधी शंभर टक्के पुरावा, मग करार' असं ओझोनच्या बाबतीत घडलं, ही समजूत पक्की झाली की हवामान बदलावर बोलताना कोणीही म्हणू शकतो, 'तेव्हा खात्री होती, आता कुठेय?' तेव्हाही नव्हती. होती ती सुधारत जाण्याची सोय. आणि लक्ष ठेवणारी यंत्रणा: २०१८ मध्ये सीएफसी-११ चं उत्सर्जन पुन्हा वाढल्याचं मोजमापांतून उघड झालं, पुढच्या वर्षी त्यातला मोठा वाटा पूर्व चीनचा असल्याचं दिसलं, आणि त्यानंतर ते खालीही आलं. २०२२ च्या आढाव्यानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला साधारण २०६६ उजाडेल.

तुमच्यासाठी एक छोटं काम. आपल्या प्रस्तावातला एखादा 'त्यामुळे' निवडा आणि कागदावर तीन रकाने आखा: घटना कधी घडली, ती छापून कधी आली, आणि निर्णय घेणाऱ्याला कधी कळली. तिन्ही तारखा सहसा जुळत नाहीत. न जुळणाऱ्या जागी तुमचा संशोधन-प्रश्न दडलेला असण्याची शक्यता बरीच असते. माझा तरी तिथेच सापडला.

सिनॉप्सिसमध्ये ते वाक्य आता नाही. त्या जागी दीड पान आहे, आणि मॅडमनी त्यातल्याही दोन शब्दांना गोल काढलेत.