ऋतुभर उभे राहणारे कापड : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

ब्रिटनमध्ये मार्च महिना लागला की समुद्रकाठच्या आणि डोंगरपायथ्याच्या कॅम्पसाइटवर कॅराव्हॅन येऊन उभ्या राहू लागतात. काही आठवड्याभरात परत जातात, काही मात्र ऑक्टोबरपर्यंत हलत नाहीत, कारण मालकाने त्या जागेचे पूर्ण मोसमाचे भाडे भरलेले असते. अशा जागेला तिथे ‘सीझनल पिच’ म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी कुटुंब येते, रविवारी रात्री परत जाते. मधले दिवस कॅराव्हॅनच्या दाराशी ताणून बांधलेले कापडी ऑनिंग ऊन, वारा आणि पाऊस एकटेच झेलत उभे असते. घराला जशी ओसरी, तसे कॅराव्हॅनला ऑनिंग. चिखलाचे बूट तिथे निघतात, ओले कोट तिथे वाळतात, जेवणे तिथे होतात. ते टिकाऊ कसे निवडावे, हा वरवर पाहता खरेदीचा प्रश्न आहे. पण नीट सोडवायला घेतला तर रसायनशास्त्र, विणकाम, शिवणकाम, हवामानशास्त्र आणि रचनाशास्त्र या साऱ्यांची दारे ठोठावावी लागतात. हवामान झेलणाऱ्या कापडाच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांचे स्वागत म्हणूनच मी या उदाहरणाने करतो आहे.

या क्षेत्राचे पूर्वज शोधताना एक शिंपी भेटतो. थॉमस हायरम होल्डिंग याने १९०१ मध्ये सायकलवरून तंबू नेणाऱ्या हौशी मंडळींची संघटना काढली. आजच्या ‘कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब’चे मूळ तेच. १९०८ मध्ये त्याने ‘द कॅम्पर्स हँडबुक’ हा ग्रंथ लिहिला. मनोरंजनासाठी तंबूत राहण्याच्या आधुनिक प्रथेच्या मुळाशी सुई-दोऱ्याचा जाणकार आहे, ही गोष्ट अभ्यासकाने मनात ठेवावी. दुसरा धागा मँचेस्टरचा. तिथल्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा तंतू काढला, आणि पुढे तंबूच्या बाजारात सुती कापडाची मक्तेदारी संपली. तिसरा धागा जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांचा. १९५५ मध्ये कासेलच्या उद्यान-प्रदर्शनात त्यांनी तंबू बनवणाऱ्या स्ट्रोमायर कंपनीच्या साथीने वाद्यवृंदासाठी एक छोटा कापडी मंडप उभारला. तिथून सुरू झालेला विचार १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या तंबूसारख्या छतांपर्यंत पोहोचला. ओटोंनी शिकवलेला पाठ साधा आहे. कापड दाब सहन करत नाही, फक्त ताण सहन करते. म्हणून त्याला ताणात ठेवणे हेच रचनाकाराचे काम.

आता मुख्य प्रश्नाकडे. कापड विकताना तीन आकडे पुढे केले जातात. पहिला डेनियर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना हे माप नवे नाही. दुसरा आकडा दर चौरस मीटर कापडाच्या वजनाचा. तिसरा जलस्तंभाचा. कापडावर पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, तीन ठिकाणी थेंब पलीकडे आले की त्या वेळची पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये नोंदवायची. ब्रिटनमध्ये १५०० मिलिमीटर झेलणारे कापड सर्वसाधारणपणे जलरोधक मानतात. हे आकडे खरे आहेत, उपयोगीही आहेत. पण ते नव्या कापडाचे असतात. सुट्टीत चार दिवस उभारायच्या तंबूसाठी तेवढे पुरे. सीझनल पिचवरचा प्रश्न वेगळा आहे : तिसऱ्या उन्हाळ्यानंतर हेच कापड किती पाणी अडवील, आणि त्याची शिवण किती ओढ सोसेल? माझ्या मते या सबंध क्षेत्राचे सार इथे आहे. आपल्याला पहिल्या दिवसाचे माप मिळते, निर्णय मात्र शेवटच्या दिवसाचा घ्यायचा असतो.

कापडाला म्हातारे करणाऱ्यांत सूर्य पहिला. अतिनील किरण तंतूतल्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. आधी रंग उडतो, मग बळ जाते. महाराष्ट्रातल्या पॉलिहाऊसवाल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अतिनील-रोधक नसेल तर काय होते, हे त्याने पाहिलेले असते. उन्हाला सर्वांत चांगले तोंड देते ते ॲक्रिलिक, त्यातही तंतू ओढण्यापूर्वीच द्रावणात रंगद्रव्य मिसळलेले. अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन गिरणीने १९६१ मध्ये ‘सनब्रेला’ या नावाने असे कापड आणले, तेही दुकानांच्या ऑनिंगसाठीच. पण ॲक्रिलिकला घासणे फारसे मानवत नाही. शिवाय त्याचे पाणी झटकण्याचे गुण बऱ्याच अंशी वरच्या लेपातून येतात, आणि साबणाच्या धुण्याने तो लेप जातो. लेपित पॉलिएस्टर हलके, बळकट आणि स्वस्त. मात्र त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर ओलसर ऊबेत, विशेषतः न वाळवता घडी घालून ठेवल्यास, चिकट होऊन सुटू शकतो. पीव्हीसीचे छत पाण्याला दाद देत नाही आणि पुसले की स्वच्छ होते. पण ते जड असते, आणि त्याला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे निघून गेले की ते कडक होऊन तडकते. सुती कापडाचे तंतू भिजले की फुगतात आणि विणीतली छिद्रे स्वतःच बुजवतात, पण बुरशीला तेच आवडते. एकही कापड सर्व बाजूंनी जिंकत नाही. म्हणून छत एका कापडाचे आणि भिंती दुसऱ्याच्या, अशी जोड अनेक उत्पादक देतात, आणि ती शहाणपणाची असते.

पाण्याचा विचार शिवणीपासून करावा. सुईचे प्रत्येक छिद्र म्हणजे जलरोधक कापडाला पाडलेले भोक. जुन्या तंबूकारांनी त्यावर काढलेला उपाय आजही वापरात आहे : पॉलिएस्टरच्या गाभ्याभोवती सूत गुंडाळलेला दोरा. गाभा ओढ सोसतो, सूत भिजून फुगते आणि छिद्र भरते. लेपित कापडात शिवणीवर आतून पट्टी चिकटवतात. निवड करताना ही पट्टी कडेला उचललेली नाही ना, हे नखाने तपासावे. दुसरा धोका झोळाचा. छताचा उतार कमी असेल किंवा ताण सैल पडला असेल तर दोन आडव्या दांड्यांमध्ये पाणी साचते. एक चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० लिटर, अर्थात ५० किलो. हा भार कापडाला कायमचा ताणून टाकतो, मग पुढच्या पावसात तिथेच आणखी पाणी साचते. छताला जादा दांडी लावणे हा यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

आतून येणारे पाणीही ओळखता आले पाहिजे. थंड रात्री माणसांच्या श्वासाची वाफ लेपित छताला लागून दवासारखी जमते, आणि सकाळी लोक छत गळते म्हणून तक्रार करतात. ओल शिवणीच्या रेषेत असेल तर गळती. सगळ्या छतावर सारखी पसरलेली असेल तर दव. गळतीला शिवणीची दुरुस्ती हवी, दवाला हवा खेळती ठेवणाऱ्या खिडक्या.

वाऱ्याचे गणित भल्याभल्यांना चकवते, कारण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६ किलो. ताशी ७२ ला तो २५ च्या घरात जातो. चार मीटर रुंद, दोन मीटर उंच दर्शनी भिंतीवर ही ओढ २०० किलोची झाली. ती अखेरीस सांगाडा, दोर आणि मेखा यांच्यावर येते. पोलादी नळ्या जड, पण मोसमभर उभ्या राहणाऱ्या ऑनिंगसाठी भरवशाच्या. ॲल्युमिनियम हलके, पण लवकर वाकते. फायबरग्लास लवचीक असतो. हवा भरलेले खांब उभारायला सोपे, मात्र उन्हातान्हात त्यांतला दाब कमी-जास्त होतो आणि पाच दिवस त्यांच्याकडे पाहणारे कोणी नसते. ब्रिटनमध्ये वादळी हवा हिवाळ्याचीच असते असेही नाही : २०२० च्या ऑगस्टमध्ये, ऐन सुट्टीच्या दिवसांत, एलन आणि फ्रान्सिस ही दोन वादळे आठवड्याच्या आत आली. वारा हळूहळूही नुकसान करतो. कापड दांडीवर जिथे घासते तिथे ते पातळ होत जाते, आणि फाटते ते बहुधा तिथूनच.

निवडीचा क्रम या विवेचनातून आपोआप ठरतो. आधी जागा पाहावी : समुद्राचा उघडा वारा आहे की झाडांची सावली, जिच्यासोबत चिकट रस, पक्ष्यांची विष्ठा आणि शेवाळ येते, जमीन मेख धरते की नाही, गवत जगावे म्हणून हवा जाऊ देणारीच सतरंजी अंथरण्याचा नियम आहे का. मग कॅराव्हॅन समतल उभी करून ‘ए-माप’ घ्यावे : जमिनीपासून वर, ऑनिंगची दोर शिवलेली कड ज्या खाचेत सरकते त्या खाचेवरून फिरून पुन्हा जमिनीपर्यंत, सेंटिमीटरमध्ये. माप चुकले तर छत कधीच नीट ताणले जात नाही, आणि झोळ, घासणे, फडफडणे हे सारे त्यातूनच उद्भवते. त्यानंतर सांगाडा, मग कापड आणि सर्वांत शेवटी रंग व सजावट. बाजारात हा क्रम बहुधा उलटा चालतो.

या क्षेत्रात काम पुष्कळ बाकी आहे, आणि त्यासाठी सगळेच प्रयोगशाळेत बसले पाहिजेत असे नाही. झेनॉन दिव्याखाली कापड कृत्रिमरीत्या जुने करता येते, निळ्या लोकरीच्या आठ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर रंगाचा टिकाऊपणा ठरवता येतो. पण खऱ्या जागेवर, खऱ्या मोसमात झिजलेल्या कापडाची नोंद कॅम्पसाइटच्या राखणदाराकडे आणि तंबू दुरुस्त करणाऱ्या शिंप्याकडे असते. कुठली शिवण आधी गेली, कुठल्या दिशेची भिंत आधी विटली, कुठली चेन कितव्या वर्षी अडकू लागली, हे त्यांना ठाऊक असते. ते कागदावर उतरले तर नव्या कापडाचा आकडा आणि जुन्या कापडाची अवस्था यांची सांगड घालता येईल. वस्त्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दुरुस्तीच्या दुकानात बसावे, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वादळानंतरची कॅम्पसाइट पाहावी, आणि ऑनिंग विकत घेणाऱ्या कुटुंबाने खरेदीची तारीख, जागा व प्रत्येक दुरुस्ती एका वहीत लिहून ठेवावी. अशी प्रत्येक वही या शास्त्राच्या कामी येईल. त्या कामासाठी सर्वांना मनापासून आमंत्रण.