आवारातली व्यवस्था आवाराबाहेर

रिसोडहून पुणे चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. वाशीम जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी विंडोजचा लॅपटॉप सहज मिळतो. मोठी गणिते उरकणारी यंत्रे मात्र पुण्या-मुंबईच्या संस्थांत असतात आणि ती बहुतेक लिनक्सवर चालतात. तिथे शिकणारा विद्यार्थी सुटीत गावी आला की तिथला प्रोग्रॅम त्याला इथल्या पडद्यावर हवा असतो. याची एक जुनी सोय आहे. ‘एक्स’ नावाच्या पद्धतीत प्रोग्रॅम एका यंत्रावर चालतो आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर उमटते. विंडोजवर त्यासाठी एक्समिंग, व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा सिग्विन/एक्स यांपैकी एखादा एक्स सर्व्हर चालवावा लागतो. पहिल्या प्रयत्नाला बहुधा ‘कॅन्ट ओपन डिस्प्ले’ एवढेच उत्तर येते आणि मग ठरलेले उपाय सुरू होतात: काढून पुन्हा टाका, फायरवॉल बंद करा, सगळे पर्याय टिचकवून बघा. हे बिघाड दिसतात तसे लहरी नाहीत, प्रत्येकाला वय आहे. ही व्यवस्था एका विद्यापीठाच्या आवारातल्या परस्परविश्वासावर उभी राहिली. ती आवाराबाहेर पडली तसतसे तिचे एकेक गृहीतक ढासळत गेले. विंडोजवरचा एक्स दुरुस्त करणे म्हणजे त्यातले नेमके कोणते ढासळले, हे ओळखणे.

अमेरिकेतल्या एमआयटीत १९८३ साली ‘अथीना’ प्रकल्प सुरू झाला. डेक आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने आवारभर यंत्रे बसवायची आणि विद्यार्थी कुठल्याही यंत्रापुढे बसला तरी त्याचे काम त्याच्यासमोर यावे, ही त्यामागची कल्पना. यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची, म्हणून पडद्याची भाषा सर्वांना समान हवी होती. बॉब शाइफ्लर यांनी १९८४ मध्ये स्टॅनफर्डची ‘डब्ल्यू’ ही खिडक्यांची पद्धत घेतली, तिच्यातली प्रत्येक पायरीला उत्तराची वाट पाहण्याची रीत काढून टाकली आणि नव्या रूपाला वर्णमालेतले पुढचे अक्षर दिले. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. आजही चालतो तो तिचाच करार. त्यात पडदा, कळफलक आणि माउस ज्याच्या ताब्यात, तो सर्व्हर; प्रोग्रॅम कुठूनही येऊन त्याच्याकडे खिडकी मागतो. त्यासाठी प्रोग्रॅमला ‘डिस्प्ले’ या नावाखाली यंत्राचा पत्ता आणि पडद्याचा क्रमांक कळवायचा. शून्य क्रमांकाचा पडदा ६००० या पोर्टवर ऐकतो. परवानगी द्यायची तर ती यंत्राच्या नावावर. त्या यंत्रावर कोण बसले आहे, हे विचारायचे नाही. वेशीच्या आतल्या वस्तीत दाराला कडी घालत नाहीत, तसाच हा कारभार होता, आणि त्या आवारापुरता तो शहाणपणाचाच होता.

महाराष्ट्रातही युनिक्सचे जग आधी अशाच आवारांत रुजले. मुंबईची एनसीएसटी, देशातल्या आयआयटी आणि आणखी काही संस्था मिळून १९८६ पासून ‘अर्नेट’ हे जाळे उभे राहत होते. परदेशाशी त्याची सुरुवातीची जोडणी सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाची होती. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, १९९१ मध्ये तिचा ‘परम ८०००’ हा महासंगणक आला, आणि १९९८ चा ‘परम १००००’ तर सन कंपनीच्या युनिक्स यंत्रांचाच जोडसमूह होता. खोडदजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना जो डेटा गोळा करतात, त्याच्या विश्लेषणासाठी खगोलशास्त्रज्ञ ‘आइप्स’ आणि ‘कासा’ हे प्रोग्रॅम वापरत आले, आणि त्यांच्या चित्रांच्या खिडक्या एक्सवरच उघडत. या संस्थांच्या भिंतींआड पडदा आणि प्रोग्रॅम एकाच मालकीच्या जाळ्यावर होते, तोवर एक्सला पोषक असे आवार शाबूत होते. पुढे टेबलावर विंडोज आले. त्यावर एक्स सर्व्हर चालवणारी ‘एक्सीड’सारखी उत्पादने होती, पण ती विकत घ्यावी लागत. १९९२ पासून वाढलेल्या मुक्त एक्सफ्री८६ मुळे वाट मोकळी झाली. सिग्विनवरचे त्याचे रूप, नंतर एक्समिंग आणि व्हीसीएक्सएसआरव्ही यांमुळे ही सोय फुकट मिळू लागली. मात्र विंडोजवर एक्स सर्व्हर हा पाहुणा आहे. खरा पडदा विंडोजच्या ताब्यात, जाळ्याचे दार विंडोजच्या फायरवॉलच्या ताब्यात. पडद्याचा मालक एकच असतो, हे पहिले गृहीतक इथेच मोडले.

दुसरे गृहीतक पत्त्याचे. सेतू केंद्रात किंवा तलाठ्याकडे ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य ऐकून आपल्याला वाटते, सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी असलेली, आपल्या हाताबाहेरची गोष्ट. एक्समध्ये तो आपल्याच टेबलावर असतो. त्यामुळे ‘कॅन्ट ओपन डिस्प्ले’ दिसले की पुण्याला फोन लावण्याआधी टास्कबारच्या कोपऱ्यात एक्सचे चिन्ह आहे का, ते पाहावे. ते असेल तर पत्ता तपासावा. पत्त्याचा घोळ कसा ऐतिहासिक असतो, हे मायक्रोसॉफ्टनेच दाखवून दिले. २०१६ मध्ये विंडोजच्या पोटात लिनक्स चालवण्याची सोय आली, तेव्हा दोघांचे जाळे एकच होते. ‘लोकलहोस्ट’चा शून्य क्रमांकाचा पडदा एवढे लिहिले की खिडकी उघडे. २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि लिनक्स एका वेगळ्या आभासी यंत्रात गेले. त्याला स्वतःचा पत्ता मिळाला आणि ‘लोकलहोस्ट’चा अर्थ ‘मी स्वतः’ असा झाला. जिथे पडदाच नाही तिथे प्रोग्रॅम तो शोधू लागला. कालपर्यंत चाललेली ओळ तशीच होती, तिच्या खालची जमीन सरकली होती. दूरच्या यंत्रावर एसएसएच या सांकेतिक जोडणीने गेल्यास गोष्ट उलटी. तिथे एसएसएच स्वतःच ‘लोकलहोस्ट’ आणि दहा किंवा त्यापुढचा क्रमांक असा पत्ता लिहून ठेवतो. जुन्या सवयीने तिथे आपल्या लॅपटॉपचा पत्ता हाताने लिहिणारा माणूस तयार रस्ता स्वतःच उखडतो.

तिसरे गृहीतक विश्वासाचे, आणि ते सर्वांत महागात पडणारे. व्हीसीएक्सएसआरव्ही सुरू करताना ‘डिसेबल ॲक्सेस कंट्रोल’ असा एक चौकोन दिसतो. तो टिचकवला की खिडकी उघडते, म्हणून हा उपाय तोंडातोंडी पसरला. जुन्या युनिक्सवाल्यांचा ‘एक्सहोस्ट प्लस’ तो हाच. पण एक्सच्या मूळ करारात एकदा आत आलेला प्रोग्रॅम शेजारच्या खिडकीत टाइप होणारी प्रत्येक कळ वाचू शकतो. आवारात हे चालून गेले. जोडीला फायरवॉलही बंद केलेला लॅपटॉप कॉलेजच्या किंवा लॉजच्या वायफायवर असेल, तर त्याच वायफायवरच्या कोणालाही पडदा मोकळा मिळतो. हा धोका ओळखूनच कुलपे आली. आधी एमआयटीचीच ‘मॅजिक कुकी’, म्हणजे दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली एक गुप्त खूण. मग १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी, विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर, एसएसएच लिहिले आणि एक्सची वाहतूक त्याच्या सांकेतिक बोगद्यातून जाऊ लागली. २०१५ च्या सुमारास एक्स सर्व्हरने उघड्या जाळ्यावर ऐकणेच मुळात बंद केले. ऐकायचे असेल तर तसे सांगावे लागते. म्हणूनच जुन्या पुस्तकातली कृती नव्या आवृत्तीवर फसते. आजचे बरेच बिघाड म्हणजे ही कुलपे आपले काम करत असल्याची खूण आहे. दूरच्या यंत्रावर घरच्या फोल्डरचा कोटा भरला, तर कुकी लिहायला जागा उरत नाही आणि खिडकी नाकारली जाते. तिथे ‘सु’ ही आज्ञा देऊन दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने शिरले, तर कुकी मागेच राहते. एसएसएचचा सावध पर्याय निवडला तर त्याची परवानगी मुळात २० मिनिटांची असते: आधीच्या खिडक्या चालत राहतात, नवी उघडत नाही. ज्याला हे ठाऊक नाही, तो विसाव्या मिनिटानंतर लॅपटॉप रीस्टार्ट करत बसतो.

चौथे गृहीतक अक्षरांचे, आणि मराठी वाचकाला ते सर्वांत जवळचे. एक्सच्या मूळ रचनेत अक्षरे पडद्याकडे असत: प्रोग्रॅमने क्रमांक सांगायचा, सर्व्हरने त्या क्रमांकाचे चित्र काढायचे. ‘फिक्स्ड’ नावाचा मूळ फॉन्ट सापडला नाही तर जुने एक्स सर्व्हर सुरूच होत नसत. एका क्रमांकाला एक चित्र हा हिशेब इंग्रजीला पुरतो. ‘कि’मधली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे किंवा ‘क्ष’, ‘ऱ्या’ जोडणे त्याला जमत नाही. २००० च्या आसपास कीथ पॅकार्ड यांच्या कामामुळे अक्षर घडवण्याची जबाबदारी पडद्याकडून प्रोग्रॅमकडे गेली आणि ‘पँगो’सारख्या लायब्ररींनी देवनागरीची जुळवणी हाती घेतली. यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. विंडोजचा ‘मंगल’ फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी यांनी एनसीएसटीसाठी केलेला देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. ‘लोहित’ फॉन्टची देखभाल रेड हॅटच्या पुण्यातल्या चमूने केली. या स्थलांतराचा एक परिणाम अजून अनेकांना चकवतो. लॅपटॉपवर मंगल असूनही एक्सच्या खिडकीत मराठीऐवजी चौकोन दिसतात, कारण अक्षरे आता दूरच्या यंत्रावर घडतात. फॉन्ट टाकायचा तो तिथे. टंकनाचीही तीच गत: विंडोजमध्ये मराठी कळफलक निवडला तरी प्रोग्रॅमला मराठी मिळेलच असे नाही, ती व्यवस्था लिनक्सच्या बाजूलाच करावी लागते.

यावर पहिला आक्षेप अंतराचा. रिसोडसारख्या गावाहून पुण्यातला प्रोग्रॅम एक्सने चालवणे मुळातच अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. शाइफ्लर यांनी वाट पाहण्याची रीत काढली ती रेषा आणि मजकूर रेखाटण्यापुरती. प्रोग्रॅमने काही विचारले तर उत्तर येईपर्यंत तो थांबतोच. एका जाण्या-येण्याला ४० मिलिसेकंद धरले आणि खिडकी उघडताना एकामागून एक १०० प्रश्न विचारले गेले, तर नुसत्या वाट पाहण्यात चार सेकंद जातात. इंटरनेटचा प्लॅन कितीही मोठा घेतला तरी हा वेळ कमी होत नाही, कारण अडचण वेगाची नसून फेऱ्यांची आहे. म्हणून दूरवरून व्हीएनसी किंवा एक्सटूगो अशी दुसरी साधने वापरणे शहाणपणाचे. पण हा आक्षेप मूळ मुद्द्याला बळच देतो: एक गृहीतक अंतराचेही होते, आणि संथपणा हा बिघाड नसून त्या गृहीतकाची हद्द आहे. ती ओळखणारा माणूस महागडा प्लॅन घेत नाही, पद्धत बदलतो.

दुसरा आक्षेप असा की हा सगळा इतिहास आता संपला. २०२१ पासून मायक्रोसॉफ्टने लिनक्सच्या खिडक्या विंडोजवर आपसूक उघडण्याची सोय दिली. वेगळा एक्स सर्व्हर लागत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’ या नव्या पद्धतीने लिनक्सवरही एक्सची जागा घेत आणली आहे. हे खरे, पण अर्धेच. मायक्रोसॉफ्टच्या त्या सोयीच्या आत एक्सच्या प्रोग्रॅमसाठी ‘एक्सवेलँड’ नावाचा एक्स सर्व्हरच बसलेला आहे. रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या २०२५ मधल्या दहाव्या आवृत्तीतून मूळ एक्स सर्व्हर काढला, एक्सवेलँड मात्र ठेवला. प्रयोगशाळांतले आणि चिप-डिझाइनचे जुने प्रोग्रॅम रातोरात बदलत नाहीत, आणि दूरच्या यंत्राची खिडकी विंडोजवर आणायची तर पत्ता, परवानगी आणि अक्षरे यांचे प्रश्न तसेच राहतात.

तिसरा आक्षेप सर्वांत साधा: ज्याला खिडकी हवी आहे त्याने इतिहास का वाचावा? उत्तर असे की इतिहासामुळे तपासणीला क्रम मिळतो. आधी आपल्या टेबलावरचा सर्व्हर चालू आहे का ते पाहा. मग पत्ता कोणी लिहिला, आपण की एसएसएचने. मग परवानगी आहे का. मग अक्षरे कुठे घडतात. आणि शेवटी अंतर. या पाच प्रश्नांत बहुतेक बिघाड सापडतात. हा क्रम सोडून जो सरळ फायरवॉल बंद करतो, त्याची खिडकी कदाचित उघडते, पण तो तीस-चाळीस वर्षांत बसवलेली कुलपे एका टिचकीत काढतो, तेही एमआयटीचे आवार नसलेल्या जागी. पुढच्याला सल्ला देताना एवढे करावे: ‘डिसेबल ॲक्सेस कंट्रोल’च्या चौकोनाऐवजी एसएसएचचा बोगदा सुचवावा, आणि कुलूप काढण्याआधी ते का बसवले होते, हे विचारायला सांगावे.