पुस्तक नावाचा माल

ग्रंथबंदीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर न्यायालय उभे राहते. पिंजऱ्यातला लेखक, राजद्रोहाचे कलम, सरकारी वकील. टिळकांवरील खटल्यांमुळे हे चित्र मराठी मनात पक्के बसले आहे. परंतु भारतातील ग्रंथबंदीचा बराच इतिहास न्यायालयात नव्हे, तर बंदरावरील जकातीच्या कचेरीत घडला, आणि वाङ्मयेतिहास शिकवताना आपण त्याच्याकडे फारसे पाहिलेले नाही.

१८७८ च्या ‘सी कस्टम्स अ‍ॅक्ट’मधील एकोणिसाव्या कलमाने गव्हर्नर जनरलला एक साधा अधिकार दिला होता : गॅझेटात अधिसूचना काढून कोणत्याही वर्णनाच्या मालाची आयात वा निर्यात रोखण्याचा. ‘माल’ या शब्दात पुस्तकही आले. खटला भरायचा तर आरोप सिद्ध करावा लागतो आणि आरोपीला बोलू द्यावे लागते. मालाला मात्र बाजू नसते. तो अडवला की काम संपले.

या यंत्रणेचा ठळक दाखला मराठीशीच निगडित आहे. सावरकरांनी १८५७ वरील आपला ग्रंथ लंडनमध्ये मराठीत लिहिला. पण १९०९ मध्ये तो छापला गेला इंग्रजी भाषांतराच्या रूपाने, हॉलंडमध्ये. छपाई पुरी होण्याआधीच भारतात त्याच्या प्रवेशास बंदी झाली होती. प्रती ‘पिकविक पेपर्स’सारख्या निरुपद्रवी वेष्टनांत लपवून आणल्या गेल्या, असे सांगतात. मराठी लेखकाचा मराठीत जन्मलेला ग्रंथ आपल्याच वाचकांकडे परकीय भाषेत आणि चोरटा माल म्हणून आला. बंदी उठली ती १९४६ साली. मधल्या काळात मराठी इतिहासलेखनावर या ग्रंथाची उघड चर्चा होऊ शकली असती तर काय घडले असते, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. जे पुस्तक पोहोचतच नाही, त्याच्या अभावाची नोंद कोणताही वाङ्मयेतिहास घेत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पद्धत टिकली. ऑब्रे मेनन यांच्या ‘राम रिटोल्ड’ची आयात १९५० च्या दशकात रोखण्यात आली. पुढे १९६२ चा सीमाशुल्क कायदा आला. त्याच्या अकराव्या कलमात सोन्याचांदीची अनियंत्रित आयात आणि सार्वजनिक सुव्यवस्था व सभ्यता ही दोन्ही कारणे एकाच यादीत आहेत. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ अडवली गेली ती याच कलमाखाली, अर्थ मंत्रालयाकडून. बंदीमुळे कृतीच्या वाङ्मयीन गुणवत्तेला बाध येत नाही, असेही मंत्रालयाने सांगितले. या अनुकूल अभिप्रायाबद्दल रश्दींनी पंतप्रधानांना लिहिलेल्या अनावृत पत्रात उपरोधाने आभार मानले. खरे तर मंत्रालयाचे म्हणणे तर्काला धरूनच होते. अडवायचा होता तो माल. त्याची समीक्षा करण्याचे कारणच नव्हते.

या कथेचा शेवट कोणत्याही कादंबरीकाराला सुचला नसता. एका वाचकाने २०१९ मध्ये बंदीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा मूळ अधिसूचनाच कोणाला सादर करता येईना. अखेर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असे गृहीत धरण्यावाचून पर्याय नाही, असे न्यायालयाने नमूद केले. डिसेंबरात दिल्लीतील एका ग्रंथविक्रेत्याकडे आयात केलेल्या प्रती विक्रीस आल्या.

छत्तीस वर्षे एका पुस्तकाला देशाबाहेर ठेवणारा कागद साधा जपूनही ठेवला गेला नाही. ही केवळ दप्तरदिरंगाई नव्हे, असे आम्हाला वाटते. मूळ आदेश पाहण्याची गरज इतकी वर्षे बहुतेकांना भासली नाही. पुस्तक बंद आहे, एवढे ठाऊक असणे पुरेसे होते. त्यात विक्रेते आले, ग्रंथपाल आले आणि आपण अध्यापकही आलो. अभ्यासक्रमात काय आहे याचा हिशेब आपण दरवर्षी मांडतो. कोणत्या पेट्या बंदरावरच राहिल्या, हेही कधीतरी विद्यार्थ्यांना विचारायला लावले पाहिजे.