रक्तातच आहे?

मंडळी, आपल्या देगलूरकडं दारुड्याच्या लेकराला लोक सहज म्हणतात, 'रक्तातच आहे त्याच्या.' आपण हे तपासून पाहू.

१९५९ साली अमेरिकेत मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी उंदरांपुढं दोन बाटल्या ठेवल्या. एकीत पाणी, दुसरीत दहा टक्के अल्कोहोल. 'सी-५७' वंशाचे उंदीर अल्कोहोलकडं वळले. इतर काही वंशांनी ते जवळपास टाळलं. म्हणजे रक्ताचा वाटा आहेच.

पण असे वंश घडवतात कसे? किमान वीस पिढ्या सख्ख्या बहीण-भावांचा संकर करून. माणसाचं असं घराणं नसतं. शिवाय १९९९ साली आठ वंश तीन शहरांत एकाच पद्धतीनं तपासले, तेव्हा दारूची आवड बरीच जुळली. कोकेननंतरची धावपळ मात्र प्रयोगशाळेगणिक बदलली.

मग लेकराच्या कपाळी आपण आधीच शिक्का का मारायचा?