थकलेल्या पायांनी बदललेला नियम

आज गोष्ट टेनिसच्या टायब्रेकची. हा नियम टीव्हीच्या सोयीसाठी आला असं बरेच जण सांगतात. ते खोटं नाही, पण मला त्यामागे खेळाडूंची थकलेली शरीरं जास्त दिसतात.

चला 1969 च्या विम्बल्डनला. पुरुष एकेरीची पहिली फेरी. 41 वर्षांचे पान्चो गोन्झालेस विरुद्ध 25 वर्षांचा चार्ली पासारेल. तेव्हा सेट जिंकायला दोन गेमची आघाडी लागायचीच. पहिलाच सेट गेला 24–22 पर्यंत, आणि तो पासारेलनं घेतला! अंधार पडल्यावर सामना थांबला, दुसऱ्या दिवशी पुढे सुरू झाला आणि गोन्झालेस जिंकले. एकूण 112 गेम, 5 तास 12 मिनिटं. पुढच्याच वर्षी यूएस ओपननं टायब्रेक आणला, 1971 मध्ये विम्बल्डननं. पण विम्बल्डननं शेवटचा सेट मात्र मोकळाच ठेवला.

आता शरीराचं गणित बघा. बहुतेक पॉइंट दहा सेकंदांच्या आत संपतात. पण त्या सेकंदांत धाव, ब्रेक, वळण, उडी, सगळं आलं. मग थोडी विश्रांती. तेवढ्यात स्नायूंमधलं झटपट इंधन थोडंफार भरतं, की पुन्हा पळापळ. उन्हात तासाला लिटरभर किंवा जास्तही घाम जातो, सोबत मीठ जातं. म्हणून बाजू बदलताना ते केळं, ती बाटली. दुहेरीत निम्मं कोर्ट जोडीदार सांभाळतो. एकेरीत सगळं तुमच्याच पायांवर.

1989 च्या फ्रेंच ओपनमध्ये 17 वर्षांच्या मायकेल चँगच्या पायात गोळे आले होते. समोर होता अव्वल क्रमांकाचा इवान लेंडल. चँगनं चक्क खालून सर्व्हिस केली, सामना जिंकला आणि पुढे स्पर्धाही!

पण प्रत्येक वेळी जिद्द पुरत नाही. 2010 च्या विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू तीन दिवस खेळले. 11 तास 5 मिनिटं, शेवटचा सेट 70–68. इस्नरनं 113 एस मारले आणि जिंकला. दुसऱ्या दिवशी तोच इस्नर थीमो दे बाकरकडून 74 मिनिटांत हरला. 0–6, 3–6, 2–6. एस किती? एकही नाही!

मला विचाराल तर इतिहासाचा खरा पुरावा त्या शून्यात आहे. 70–68 चं आपण कौतुक करतो, पण त्याची किंमत दुसऱ्या दिवशी चुकवावी लागली. 2018 च्या उपांत्य फेरीत केविन अँडरसननं इस्नरला 26–24 असं हरवलं, तेव्हा कुठे विम्बल्डन हललं. 2019 पासून 12–12 वर टायब्रेक आला. 2022 पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला 6–6 वर दहा पॉइंटांचा टायब्रेक असतो.

70–68 आता पुन्हा होणार नाही. काही जणांना त्याची हळहळ वाटते. मला नाही वाटत. जिंकणाऱ्याच्या पायांत पुढच्या फेरीसाठी काहीतरी उरायला हवं, नाही का?