वालाचा पाऊस, बाजरीचा पाऊस

२००० साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही केनियात गेलो. घर नैरोबीजवळ, किआंबूला, कॉफीच्या मळ्यांशेजारी. विषुववृत्त म्हणजे घामाच्या धारा, ही माझी समजूत. पण १७०० मीटरहून उंचावरच्या त्या गावात जुलैमध्ये स्वेटर काढवत नव्हता. आभाळ दिवसभर भरलेलं, थेंब मात्र नाही. तिथे वर्षाला दोन पावसाळे आणि दोन कोरडे ऋतू. जानेवारी-फेब्रुवारीतला तापणारा, जून ते सप्टेंबरमधला असा गारठलेला.

घरमालकांच्या आईला सगळे शोशो म्हणत, म्हणजे आजी. तिच्या कपाळावर आडवी खाच होती. पाठीवरचं पाणी आणि सरपण आयुष्यभर कपाळावरच्या कातडी पट्ट्याने तोललेलं, त्याची ती खूण. "ही नदीची वाट," ती बोट फिरवत म्हणायची.

तिथल्या किकुयू लोकांच्या पावसाची नावं तिनेच मला शिकवली. मार्च ते मे न्जाहीचा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर म्वेरेचा. तिने ओंजळ उघडून न्जाही दाखवले आणि मी हरखलेच. काळे वाल, पांढऱ्या डोळ्याचे! म्वेरे म्हणजे बाजरी. बाळंतिणीला तिथे न्जाहीच रांधून घालतात.

पावसासारखी दुष्काळांनाही नावं होती. तिच्या आईने सोसलेला १८९८ ते १९०० चा तो 'युरोपचा दुष्काळ'. आधी बुळकांडीने गुरं नेली होती. मग टोळधाड, अवर्षण, पाठोपाठ देवी. त्याच काळात मोंबासाहून निघालेले रेल्वेचे रूळ १८९९ मध्ये नैरोबीला पोचले. त्या रेल्वेच्या कामासाठी ३० हजारांहून अधिक मजूर हिंदुस्थानातून नेलेले. परके लोक आणि उपासमार एकदमच आली, म्हणून ते नाव. शोशोने हे सहज सांगितलं, तरी माझी मान खाली गेली. तेव्हा आपल्या दख्खनमध्येही माणसं अन्नान्न करत होती.

१९८४ च्या दुष्काळाला शेजारच्या कांबा लोकांनी नाव दिलं, 'पैसे मुठीत धरून मरतोय'. बाजारात धान्यच नव्हतं. मग परदेशातून पिवळा मका आला. पांढऱ्या मक्यावर वाढलेली शोशो त्याची चव सांगताना तोंड वाकडं करी, आणि मला १९७२ च्या दुष्काळातल्या लाल मिलो ज्वारीबद्दल बोलणारी माझी आजी दिसे.

आम्ही गेलो त्या वर्षी न्जाहीचा पाऊस फसला होता. टाना नदीवरचं मासिंगा धरण आटलं, वीज तासातासाने जाऊ लागली. एका संध्याकाळी शोशोच्या जिकोवर, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर, मका-घेवड्याची गिथेरी रटरटत होती. मी विचारलं, "या दुष्काळाचं नाव काय?"

तिने कोपऱ्यातला भोपळा उचलून कानाशी हलवला. आत राखेत घोळवलेलं बियाणं खुळखुळलं.

"नाव मागाहून ठेवतात," ती म्हणाली. "अजून पेरायचंय."